उसना हुंदका

४ फेब्रुवारी

धाकट्या,

घडले ते क्रमाने मांडते, म्हणजे पुढे कोणी कोणाच्या तोंडी काही घालणार नाही.

एक : एका परदेशी मालिकेच्या आठही भागांना आपल्या भाषेतले आवाज देण्याचे काम माझ्या दिग्दर्शनाखाली चालू आहे. दोन : त्यातल्या मेकॅनिकचा आवाज तू द्यावास, हे मी ठरवले, वाहिनीने नव्हे. तीन : हा मेकॅनिक जन्मला तेव्हा घरच्यांनी त्याला मुलगी मानले. मालिकेत तो तिशीतला पुरुष आहे आणि सात भाग स्वतःचे गॅरेज चालवतो. चार : आठव्या भागात तो आरशासमोर उभा राहून रडतो. पाच : या दृश्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना तू हेडफोन काढलेस, खुंटीला नीट अडकवलेस आणि दार लोटून निघून गेलास. सहा : तेवढे एक दृश्य सोडले तर तुझे काम पूर्ण आहे. सात : ते दृश्य अपुरे आहे.

यात माझे मत कुठेही नाही. मत आता सांगते. अर्धे काम टाकून जाणाऱ्या कलाकाराला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही, हा माझा नियम तुला ठाऊक आहे. हे पत्र त्या नियमाला अपवाद आहे आणि अपवाद करताना मला आनंद होत नाही.

निघण्यापूर्वी तू जे बोललास ते माइक चालू असल्याने मुद्रित झाले आहे. शब्दशः असे : "ताई, हा माणूस सात भाग इंजिनं खोलतो, मेव्हण्याची खेचतो, घरमालकाला शिव्या घालतो. मस्त माणूस आहे. आणि आठव्यात बनियन काढून आरशापुढे मुसमुसतो. का? तर लिहिणाऱ्याला आमच्यासारख्यांचं दुसरं काही ठाऊकच नाही. दर वेळी आरसा! मी आरशात दाढी करतो गं. उशीर झालेला असतो."

वाक्ये चांगली आहेत. पण चित्र आपण काढलेले नाही. पडद्यावरचा माणूस रडत असेल तर त्याला रडण्याचा आवाज देणे एवढेच आपले काम. तो का रडतो याची झडती घेणे नव्हे. त्याआधी काचेपलीकडून मी तुला जी सूचना दिली, ती तांत्रिक होती. ती इथे पुन्हा लिहिण्याचे कारण दिसत नाही.

सोमवारी सकाळी स्टुडिओ मोकळा आहे. गरम पाणी पिऊन ये.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

माझ्या पत्राला तू फोनवर दोन शब्द पाठवलेस : "नाही जमणार". त्यापुढे पूर्णविरामही नाही. याला मी उत्तर मानत नाही.

सोमवारी मी थांबले होते. ध्वनिमुद्रकही थांबला होता. (त्याला सगळे अजून खटकाच म्हणतात, बोलता बोलता बोटाने बटण दाबल्यासारखा आवाज काढायची त्याची सवय गेलेली नाही.) "येईल हो ताई," तो मला म्हणत राहिला, "लहानपणीही रुसून गेलं तरी चहाच्या वेळेला यायचंच ते." मी त्याला सांगितले, आता 'ते' नव्हे, 'तो'. खटका म्हणाला, "मी प्रेमानं म्हणतो." मी म्हटले, प्रेम अचूकही असू शकते.

आता तुझ्या गैरहजेरीत काय झाले ते ऐक. वाहिनीच्या बाई पहिले सात भाग पाहायला आल्या होत्या. गळ्यात चष्मा, हातात दुसरा चष्मा. पाहून झाल्यावर म्हणाल्या, "आवाज छानच आहे हो. पण प्रेक्षकांना कळत नाही."

"काय कळत नाही?"

"म्हणजे... तो तसा आहे हे."

"तसा म्हणजे?"

"अहो, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. थोडंसं हवं. एखाद्या शब्दावर जरा... नाजूक."

मी म्हटले, तो मेकॅनिक आहे. नाजूकपणा हवा असेल तर कार्बोरेटर साफ करताना आहे, बघा. त्यांना विनोद समजला नाही. दुपारी त्यांच्याच जाहिरात विभागाचा माणूस आला. तोच भाग, तेच वाक्य ऐकून म्हणाला, "मॅडम, जरा भारदस्त करा ना. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा बाप्या आहे." एकाच दिवशी, एकाच आवाजाबद्दल, एकीला पुरुष जास्त झाला आणि दुसऱ्याला कमी पडला. मी दोघांना एकाच खोलीत बसवून दार लावून घेण्याचा विचार केला. मग कंटाळा आला.

हे तुझे कौतुक समजू नकोस. तुझा आवाज लांब वाक्याच्या शेवटी विरतो आणि तू श्वास अजूनही जुन्याच जागी घेतोस, जणू ते लहान फुप्फुस अजून आत आहे. पण तो आवाज त्या माणसाचा आहे. मला तेवढेच कळते, आणि मी तेवढ्याच गोष्टीवर भांडते.

बुकिंगचा तक्ता तुला आठवत असेल : नायक, खलनायक, म्हातारा, पोरगा, गंमत. पडद्यावर साडी नेसलेला बाप्या असो, टाळ्या वाजवणारी कोणी असो की मिशीवर ताव देणारी बाई, ती भूमिका 'गंमत' या रकान्यात जायची आणि त्या दिवशी जो रिकामा असेल तो नाकातून चिरका आवाज काढून घरी जायचा. अशा कित्येक भूमिका माझ्या सहीने गेल्या. सगळ्या ओठांना चोख जुळलेल्या. हा मेकॅनिकही वाहिनीकडून 'गंमत' म्हणूनच आला होता. तो रकाना मी खोडला, वर 'पुरुष, वय तेहेतीस' असे लिहिले आणि मग तुला निरोप धाडला. हे तुला सांगायचे नव्हते. सांगितल्यावाचून तू येत नाहीस.

लेखी कळव.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

या वेळी तू बोलून पाठवलेस. "ताई, पत्रं काय लिहितेस? फोन कर ना सरळ." मी ते ऐकले. 'सरळ' हा शब्द गिळलास. शिवाय मागे पंखा लागला आहे. त्याला तेल हवे.

फोन का करत नाही ते एकदाच सांगते. फोनवर मला तुझा आवाज ऐकू येईल. तो कुठून निघतो, कुठे अडतो, कुठे उंच जातो, हेच मी ऐकत राहीन आणि तू काय म्हणतोस ते माझ्यापर्यंत पोचणार नाही. तीस वर्षांचा धंदा आहे. कान बंद करता येत नाहीत. कागदावर तुझा आवाज नसतो. तिथे मला तुझे म्हणणे वाचावे लागते. म्हणून पत्र.

आता मूळ मुद्दा. हे पत्र मी उभ्या उभ्या लिहावे इतका तो तातडीचा आहे, पण बसून लिहिते.

तू गेल्यावर अपुरे दृश्य खटक्याने परस्पर पुरे केले. हेतू चांगला होता, आणि जगातली बहुतेक नुकसाने चांगल्याच हेतूने होतात. आपल्याकडे प्रत्येक कलाकाराचे श्वास, धापा, हुंदके, उसासे वेगळे मुद्रित करून साठवतात, हे तुला मी सांगायला नको. एखादी धाप कमी पडली तर साठ्यातून काढून जोडायची. दर वेळी माणसाला कोण बोलावणार? खटक्याने तुझ्या क्रमांकाखाली शोधले. नवा साठा नव्हताच. जुना होता. बुटक्याचा.

बुटका! ते कार्टूनमधले खोडकर पोरगे, दर भागात एकदा झाडावरून पडणारे आणि भोकाड पसरणारे. नऊ वर्षे तू त्याचा आवाज होतास. त्या नऊ वर्षांत एकानेही विचारले नाही, की पोराच्या तोंडी मुलीचा आवाज कसा. या धंद्यात पोरांचे आवाज बायकाच काढतात; तिथे ती कला. पुढे तुझा आवाज फुटला, उतरला आणि तू स्वतःच्या तोंडाने बोलू लागलास, तेव्हा मात्र सगळ्यांना प्रश्न पडले. मी तेव्हा बुटक्यासाठी दुसरी मुलगी घेतली, कारण बुटका दहा वर्षांचाच राहणार होता आणि तू नाही. तो निर्णय बरोबर होता. तो तुला स्टुडिओच्या छापील पत्राने कळला, ही गोष्ट वेगळी.

तर त्या बुटक्याचा हुंदका खटक्याने वेग कमी करून, किंचित खाली आणून, तेहेतीस वर्षांच्या मेकॅनिकच्या तोंडात बसवला आहे. मूळ हुंदक्यांना तंतोतंत. सांधा कुणालाही ऐकू येणार नाही. मला येतो. तुलाही येईल. माणूस बनियन काढतो, आरशात पाहतो आणि त्याच्या गळ्यातून तू सोडून आलेले ते पोर रडते.

वाहिनीच्या बाईंनी हे पाहिले आणि त्यांच्या दोन्ही चष्म्यांच्या काचा ओल्या झाल्या. "आता कसं!" त्या म्हणाल्या. "आता कळतं बघा. आत कोण आहे ते."

मी विचारले, "कोण आहे आत?"

"अहो, म्हणजे... ती."

धाकट्या, मी आयुष्यात पुष्कळ चुकीची कामे पाहिली आहेत. इतक्या सफाईने केलेले चुकीचे काम पाहिले नव्हते. सात भाग तू जो माणूस उभा केलास, तो एका हुंदक्याने त्यांनी पुसला आणि डोळे पुसत पुसला.

अंतिम मंजुरीच्या कागदावर मी सही केलेली नाही. त्यावर बाईंनी शांतपणे सांगितले, की मग मेकॅनिकचे सगळे काम नव्याने करू. जाहिरात विभागाने सुचवलेला एक भारदस्त आवाजाचा गृहस्थ तयार आहे. त्याची चाचणी मी ऐकली. तो पाना मागतो तेव्हा सिंहासन मागितल्यासारखे वाटते.

तेव्हा तुझ्यापुढे आज हे आहे : तुझे काम तुझ्याच जुन्या हुंदक्यासकट जाईल, किंवा मुळीच जाणार नाही. तिसरी वाट म्हणजे तू येऊन ते दृश्य पुरे करणे. महिनाअखेरीपर्यंत मी सही रोखू शकते. त्यापुढे माझ्या सहीला फारशी किंमत उरणार नाही.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझे पहिले लेखी उत्तर पोचले. पाकिटावर तिकीट तिरके आहे. आत एकच ओळ : "ताई, मी खोटं रडणार नाही, आणि खरं रडलो तर तू पुन्हा म्हणशील, 'पुन्हा'." अक्षर सुधारले आहे. 

काल आई आली होती. गुडघे दुखतात, पण जिना चढून आली आणि दारातच म्हणाली, "दाखव मला ते पोराचं काम. मरायच्या आधी दाखव." मी म्हटले, तुला काहीही झालेले नाही. "म्हणून तर म्हणते, आत्ताच दाखव."

पहिला भाग लावला. दोन मिनिटांत म्हणाली, "सर्दी झालीय का गं त्याला?"

"कुणाला?"

"कुणाला काय! आपल्या धाकट्याला. नाकात बोलतोय."

"तो आता तसाच बोलतो, आई."

"बरा बोलतो की. तुझ्या बाबांच्या वरताण. पण घरमालकाला फार शिव्या देतो हो."

"त्या संहितेत आहेत."

"असतील. तोंड त्याचंच ना!"

तिने सातही भाग पाहिले. मध्ये एकदा फक्त भात खाल्ला. मेव्हण्याच्या प्रसंगाला इतकी हसली, की शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकले. मग मी आठव्या भागातले ते दृश्य लावले. का लावले, सांगता येत नाही. कदाचित निदान एकाने तरी ते ऐकून रडू नये, अशी इच्छा होती.

आई रडली नाही. तिने भुवया गोळा केल्या. "हे कोण रडलं?"

"तोच."

"हॅट्! हे ते झाडावरून पडणारं कार्टं आहे. आपला कुठे असा रडतो? त्याचं रडणं मला विचार. आवाज नाही, काही नाही. ओठ मिटून श्वास धरून बसतो, कान लाल होतात, आणि मग विचारतो, जेवायला काय आहे. तू रडायचीस ते अख्ख्या आळीला कळायचं. तुझं रडणं म्हणजे भोंगा."

मग तिने विचारले, भांडण कशावरून झाले. मी सांगितले. तुला दिलेली सूचनाही सांगितली, शब्दशः, कारण तिने शब्दशः विचारली : "पुरुष असा रडत नाही. पुन्हा."

 आई म्हणाली, "तुझे बाबा कसे रडायचे गं?"

मी म्हटले, मी त्यांना कधी रडताना पाहिले नाही.

"मग पुरुष कसा रडतो, हे तुला कोणी सांगितलं?"

तुला ठाऊक आहे, मी संदर्भाशिवाय विधान करत नाही. माझ्याकडे संदर्भ नव्हता. जे होते ते सगळे पडद्यावरचे होते : मी आवाज चढवलेले नायक, माझ्याच सहीने गेलेले, एका डोळ्यातून एक थेंब गाळणारे आणि त्यावर घोगरा उसासा टाकणारे. तो उसासा आपल्याच साठ्यातला आहे. तीन वेगवेगळ्या नायकांना तोच दिला आहे.

आई गेल्यावर मी ते दृश्य आवाज बंद करून पाहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा मूळ ध्वनी न ऐकता नुसते ओठ पाहिले. धाकट्या, त्या नटाचे ओठ मिटलेले आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. जबडा घट्ट, नाकपुड्या किंचित हलतात, कानाची पाळी लाल. मूळ भाषेतल्या कोण्या आवाज-दिग्दर्शकाने त्यावर हुंदके ओतले आहेत आणि मी आंधळेपणाने त्या हुंदक्यांशी जुळवत बसले. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच बजावते : कानाने नाही, डोळ्याने जुळवा. चुकीची नोंद घ्यावी.

तो नट रडत नाही. तो श्वास धरून उभा आहे. आरसा मात्र आहे. त्याला माझा इलाज नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

आज वाहिनीशी बोलणे झाले. मी सांगितले, दृश्यात हुंदका राहणार नाही. नुसता श्वास राहील आणि खोलीतली शांतता.

बाई म्हणाल्या, "मग तो दुःखी आहे हे प्रेक्षकांना कळणार कसं?"

"कदाचित तो दुःखी नसेल. कदाचित दमला असेल. दिवसभर गॅरेजमध्ये होता."

"आणि आत कोण आहे, ते?"

"आत तोच आहे, बाई. बाहेर आहे तोच."

त्या दोन्ही चष्म्यांमधून माझ्याकडे पाहत राहिल्या. एकदम पटले असे म्हणणार नाही. त्याही थकल्या असाव्यात. शेवटी म्हणाल्या, शनिवारी दुपारपर्यंत तयार दृश्य द्या, पाहते. नाही तर भारदस्त गृहस्थ सोमवारपासून कामाला लागतील. एवढेच मिळाले. यापेक्षा जास्त मिळवण्याची ताकद या घटकेला माझ्यात नाही.

ते श्वास दुसऱ्या कोणाचे चालणार नाहीत आणि साठ्यातले तर मुळीच नाहीत. ते तुझे, आजचे, या वयाच्या फुप्फुसातले हवेत. ते कसे घ्यायचे याची सूचना मी देणार नाही. काचेमागे खटका असेल, मी नसेन. मी बाहेर बाकावर बसेन. 'पुन्हा' म्हणायचे की नाही, ते तू ठरव. रडायचे नसेल तर रडू नकोस. झाल्यावर जेवायला काय आहे असे विचारलेस, तर उत्तर असेल.

एक बाब उरली. श्रेयनामावली. पहिल्या प्रतीत मेकॅनिकच्या आवाजापुढे साठ्यातले नाव आपोआप आले आहे, बुटक्याच्या काळातले. ते मी काढायला लावले. तिथे आता रिकामी जागा आहे. तुझे नाव मला ठाऊक नाही असे नाही. आईकडून ऐकले, खटक्याकडून ऐकले, एकदा तुझ्या दाराबाहेरच्या पाटीवर लांबून पाहिले. तू मला ते कधी सांगितले नाहीस आणि मी कधी विचारले नाही. म्हणून या पाचही पत्रांत मी तुला धाकट्या म्हटले आहे. ऐकीव गोष्ट मी आजवर पडद्यावर जाऊ दिलेली नाही. तुझ्या नावापासून ती सुरुवात करणार नाही.

तेव्हा उद्याच्या टपालाने दोन गोष्टी पाठव. शनिवारी सकाळी येतोस की नाही. आणि आलास किंवा न आलास तरी, तुझे पूर्ण नाव, जसे दिसावे तसे, तुझ्या अक्षरात. फोन नको, निरोप नको. कागदावर, शाईने, खाली सही करून.

ताई